स्टीम: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव, विशेषतः पैशांच्या हिशेबाचा

व्हॉल्व्ह कंपनीचे स्टीम हे संगणकावरील व्हिडिओ गेम विकणारे ऑनलाइन दुकान मी काही महिन्यांपासून नियमित वापरत आहे. डाउनलोड, अपडेट आणि सेव्ह (खेळातील आपली जतन केलेली प्रगती) जपणे ही कामे ते चोख करते, आणि विकत घेतलेला खेळ 14 दिवसांच्या आत व दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळण्याची सोयही आहे. मात्र रोजच्या वापरात माझे कुतूहल वाढत गेले ते या दुकानाच्या कमाईबद्दल.

विक्रीतील 30 टक्के वाटा स्टीम स्वतःकडे ठेवते. एखाद्या खेळाची कमाई 1 कोटी डॉलरच्या पुढे गेली की पुढील विक्रीवर हा वाटा 25 टक्के आणि 5 कोटींच्या पुढे 20 टक्के होतो. ही सवलत 2018 मध्ये आली. म्हणजे एकट्याने खेळ बनवणारा पूर्ण दराने पैसे भरतो आणि सवलत मिळते ती बड्या प्रकाशकांना. हे मला मनापासून अन्यायाचे वाटते, कारण त्याच वर्षी सुरू झालेल्या एपिक या दुसऱ्या गेम कंपनीच्या दुकानाने 12 टक्क्यांवर व्यवहार करून दाखवला. पहिल्या पानावरील जागा पैसे घेऊन विकायची नाही, हे व्हॉल्व्हचे जाहीर धोरण मात्र मला पटते.

खरी गंमत कम्युनिटी मार्केटमध्ये, म्हणजे खेळाडू खेळातील वस्तू एकमेकांना विकतात त्या स्टीमवरील बाजारात आहे. काउंटर-स्ट्राइक 2 मधील बंदुकीची एखादी स्किन (तिचे फक्त रूप बदलणारी सजावट) विकून आपल्याला 100 रुपये मिळणार असतील, तर घेणाऱ्याला ती 115 रुपयांना पडते. वरच्या पंधरापैकी 5 रुपये स्टीमचे आणि 10 खेळाच्या प्रकाशकाचे असतात. इथे प्रकाशकही व्हॉल्व्हच असल्याने सगळे पंधरा एकाच घरात जातात. आपले 100 रुपये वॉलेटमध्ये, म्हणजे स्टीमवरील आपल्या खात्यात, जमा होतात, ते बँकेत काढता येत नाहीत, आणि त्यातून दुसऱ्या कंपनीचा खेळ घेतला की त्यावरही स्टीमचा वाटा आहेच.

म्हणून वॉलेटमध्ये आगाऊ रक्कम भरून ठेवू नये, खरेदीच्या वेळी लागेल तेवढीच भरावी, असे मी आवर्जून सांगेन. शिवाय निर्मात्यांना आपल्या खेळाच्या स्टीम-की (स्टीमवर टाकून खेळ मिळवण्याचे कोड) स्वतः विकण्याची मुभा आहे आणि त्या विक्रीत स्टीम वाटा मागत नाही. त्यामुळे छोट्या स्टुडिओचा खेळ घेण्याआधी त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर की मिळते का, हे मी पाहतो.