जरीपटक्यातलं दाल-पकवान, आणि बिलात नसलेला पापड

दुकानाला पाटी नाही. नागपूरच्या जरीपटक्यात, म्हणजे सिंधी वस्तीत, 'दादांचं दाल-पकवान' विचारा, कोणीही बोट दाखवेल. सकाळी 7 ला सुरू, साडेदहाला पातेलं पालथं. मी महाल भागातून स्कूटर हाणत जातो, आता बोला!

बसल्या बसल्या ऑर्डर देऊ नका. आधी भाजलेला पापड अन् स्टीलच्या पेल्यात पाणी येतं. दादा म्हणतात, "अचो, वेहो (या, बसा). पाणी." पहिल्यांदा मला वाटलं, माणूस मराठी बोलतोय. सिंधीतही पाणीच म्हणतात, आपल्यासारखं 'ण' लावून.

पकवान, म्हणजे डाळीसोबतची तळलेली कडक पोळी, एक नंबर. लाटल्यावर काट्याने टोचतात म्हणून पुरीसारखं फुगत नाही, अन् मंद आचेवर तळतात म्हणून मोडताना कडाक वाजतं. चण्याची डाळ मऊ, पण दाणा शाबूत. वर कच्चा कांदा, चिंचेची चटणी. हिरवी चटणी मात्र मिळमिळीत. अर्थात झणझणीत सावजी रश्श्यावर वाढलेल्या जिभेचं काय ऐकता. रविवारी गर्दीत तेल नीट निथळू देत नाहीत, तेव्हा मधल्या वारी जा.

मागच्या खेपेला पोरगी सोबत होती. पैसे देताना तिने विचारलं, पापडाचे किती? दादा म्हणाले, "पापड का पैसा नहीं होता, बेटा."

मग बसलेच आमच्याजवळ. 1948 मध्ये, आठ वर्षांचे असताना, कराचीहून बोटीने मुंबईला आले. तिथून कल्याणच्या लष्करी बराकी, जिथे पुढे उल्हासनगर झालं. एका बराकीत कितीतरी घरं, मधे साड्यांचे पडदे. नावं लिहायला बाबू आला तरी आई आधी पापड-पाणी पाठवायची. न्यायचं काम यांच्याकडे. पापड अर्धाच असायचा. "मला लाज वाटायची," दादा म्हणाले, "पाहुण्यासमोर अर्धा पापड!" पण आई म्हणायची, घर तिकडे राहिलं, पाहुणा तर इकडेही येतोच ना.

आमच्या आजीकडे उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी मिळायचं. आता आम्ही 'चहा घेणार का' असं दारातच विचारतो.

पोरीच्या ताटलीत अर्धा पापड उरला होता. तिने तो गुपचूप संपवला.

पार्किंग नाही, गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावा.