गिअरबॉक्स न उतरवता झालेली क्लचची दुरुस्ती : अंबडमधील एका गॅरेजचा अनुभव

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या या छोट्या गॅरेजविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे शोधण्याची शिस्त मला तेथे पाहायला मिळाली. हायड्रॉलिक क्लच (पेडलचा दाब ब्रेक ऑइलच्या द्रवातून पोचवणारा क्लच) असलेल्या डिझेल गाडीच्या बाबतीत ही शिस्त फार महत्त्वाची ठरते, कारण निदान चुकले तर गिअरबॉक्स विनाकारण खाली उतरतो आणि मालकाला त्याची मोठी किंमत मोजावी लागते.

माझ्या गाडीची तक्रार अशी होती की कसारा घाटातील कोंडीत पहिला गिअर टाकून क्लच दाबून थांबले असता पेडल पायाखाली हळूहळू खचत जाई आणि गाडी आपोआप पुढे सरकू लागे. इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडत. इंजिन चालू असताना मात्र रिव्हर्स टाकताना करकर आवाज येई. पेडल दोनदा झपकन मारले की काही काळ सर्व सुरळीत चाले. याआधी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी जागेवर आहे, म्हणजे गळती नाही, असे म्हणून गिअरबॉक्स उतरवून क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा क्लचचा पूर्ण संच बदलण्याचे अंदाजपत्रक हाती दिले होते.

अंबडच्या मिस्त्रींनी ते अंदाजपत्रक बाजूला ठेवून आधी क्लचप्लेटचीच परीक्षा घेतली. हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून त्यांनी क्लच सावकाश सोडला. इंजिन लगेच बंद पडले. प्लेट झिजलेली असती तर ती घसरली असती आणि इंजिन फिरत राहिले असते. घाटात चढावर इंजिनाचे फेरे वाढूनही वेग न वाढणे हे झिजलेल्या प्लेटचे लक्षण असते आणि ते माझ्या गाडीत नव्हते. क्लच घसरणे आणि क्लच पूर्ण न सुटणे हे दोन वेगळे आजार आहेत, आणि माझा अनुभव असा की बहुतेक ठिकाणी त्यांची गल्लत होते.

यानंतर त्यांनी डॅशबोर्डखाली वाकून मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबल्यावर द्रव पुढे ढकलणाऱ्या नळकांड्याचा) दांडा जेथे आत जातो ती जागा बॅटरीने पाहिली, बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) तळाला ओल आहे का ते बोटाने तपासले आणि स्लेव्ह सिलिंडरचे (त्या द्रवाच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या दुसऱ्या नळकांड्याचे) रबरी टोपण मागे सारून आतली बाजू दाखवली. सर्व कोरडे होते. मग मदतनिसाला पेडलवर बसवून त्यांनी स्लेव्हचा दांडा किती सरकतो ते स्टीलच्या पट्टीने मोजले. पेडल झटक्यात दाबले की दांडा पुरेसा बाहेर येई. तेच पेडल सावकाश दाबले की त्याच्या निम्म्यानेही येत नसे. शेवटी त्यांनी स्लेव्हकडे जाणारी रबरी नळी तिच्यासाठीच असलेल्या चिमट्याने बंद केली. “साहेब, आता पेडल दाबून धरा, पाय उचलू नका,” असे ते म्हणाले. नळी बंद असूनही पेडल पूर्वीसारखेच खचत गेले. दोष त्या चिमट्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे मास्टर सिलिंडरमध्येच होता. आतील रबरी वॉशर झिजल्याने दाब त्याच्या कडेने मागे निसटत होता. ब्रेक ऑइल बाहेर सांडत नव्हते, म्हणूनच टाकीतील पातळी कधी उतरली नाही.

सिलिंडर उघडल्यावर त्याच्या आतील भिंतीवर उभे ओरखडे दिसले. केवळ वॉशर किट टाकून भागणार नाही, नवा वॉशर त्या ओरखड्यांवर लवकरच कापला जाईल, हे त्यांनी समजावून सांगितले आणि माझी संमती घेऊन पूर्ण सिलिंडर बदलला. टाकीच्या झाकणावर डॉट ४ ही ब्रेक ऑइलची प्रत लिहिलेली असल्याने त्याच प्रतीचा सीलबंद डबा माझ्यासमोर फोडला. हे द्रव हवेतील ओल शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो; डॉट ४ साठी कोरड्या अवस्थेत किमान २३० अंश सेल्सिअस आणि ओल शोषल्यावर किमान १५५ अंश अशी मर्यादा असते. उघडा पडून राहिलेला डबा वापरू नये, याचे कारण हेच. इंजिन ऑइल किंवा इतर खनिज तेल तर या टाकीत थेंबभरही जाता कामा नये, कारण त्याने रबर फुगते.

सिलिंडर बदलताना आत शिरलेली हवा काढण्याच्या कामाला मात्र वेळ लागला. नेहमीच्या पद्धतीने, पेडल दाबून निपल (हवा सोडण्याचा स्क्रू) सैल करत, काढूनही पेडल स्पंजासारखे लागत होते. तेव्हा त्यांनी पिचकारीने खालच्या निपलमधून ताजे द्रव हळूहळू वर चढवले. हवेचा कल वर जाण्याचाच असल्याने बुडबुडे टाकीत येऊन फुटले आणि पेडल घट्ट झाले. त्यानंतर पेडलचा मोकळा खेळ, म्हणजे दाब सुरू होण्याआधी पेडल रिकामे दबते ते अंतर, जुळवण्यात त्यांनी दाखवलेली काळजी मला विशेष मोलाची वाटते. हा खेळ अजिबात नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारे बारीक छिद्र झाकलेले राहते, तापलेल्या द्रवाचा दाब सुटत नाही आणि चांगली क्लचप्लेटही अर्धवट सुटलेल्या अवस्थेत घासून जळते. टाकी ब्रेकसाठीही तीच असल्याने त्यांनी जाताना ब्रेकची चाचणीही घेतली.

एकूण बिल त्या आधीच्या अंदाजपत्रकाच्या जवळपास सहाव्या हिश्श्याचे झाले आणि जुना सिलिंडर न मागता पिशवीत घालून दिला गेला. उणिवाही आहेत. खर्चाचा लेखी अंदाज मागितल्याशिवाय मिळत नाही, बसायला धड जागा नाही, आणि सुटा भाग शहरातून मागवावा लागल्याने दुपारचे काम संध्याकाळवर गेले. त्यामुळे गाडीचे मॉडेल आणि वर्ष आधी फोनवर कळवून भाग उपलब्ध असल्याची खात्री केल्यावरच जावे. ज्यांच्या गाडीत स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या आत, रिलीज बेअरिंगसोबत बसवलेला आहे, त्यांना तो गळत असल्यास गिअरबॉक्स उतरवण्यावाचून पर्याय नसतो. तेही काम येथे होते, पण त्यासाठी गाडी किमान एक रात्र ठेवण्याच्या तयारीने न्यावी.