संशयित क्रीम तेवढी बंद करावी की सगळेच थांबवावे?

चेहऱ्याला लावण्याच्या एखाद्या उत्पादनामुळे मुरुम येत असल्याची शंका आली, की दोन मार्ग उरतात. ज्यावर संशय आहे तेवढेच बंद करायचे. किंवा सौम्य फेसवॉश, साधे मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन एवढेच ठेवून बाकी सगळे थांबवायचे आणि त्वचा निवळल्यावर एकेक परत सुरू करायचे.

पहिला मार्ग सोपा आहे. अलीकडे एकच गोष्ट बदलली असेल आणि ती लावताच आग होत असेल, किंवा दोन-तीन दिवसांत खाज व लाली येत असेल, तर तोच योग्य. मात्र हा त्रास बहुधा मुरुमांचा नसून जळजळीचा किंवा अ‍ॅलर्जीचा असतो. खऱ्या मुरुमाची गोष्ट वेगळी. रंध्र आतून बुजू लागल्यापासून मुरुम डोळ्यांना दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात, त्यामुळे आज हनुवटीवर उठलेल्या पुटकुळीचे खापर गेल्या आठवड्यात आणलेल्या सीरमवर फोडले जाते आणि दोन महिन्यांपासून रोज रात्री लावली जाणारी जाडसर नाइट क्रीम मात्र सहीसलामत सुटते.

म्हणूनच चार-पाच उत्पादने एकदम वापरात असतील, तर माझा कौल दुसऱ्या मार्गाला आहे. त्याला चिकाटी लागते. निवळायला चार ते सहा आठवडे आणि नंतर प्रत्येक उत्पादनासाठी किमान तीन-चार आठवडे धरले, तर काही महिने सहज जातात. पाळीच्या आधी मुरुम वाढणाऱ्या स्त्रियांनी तर निष्कर्ष काढण्यापूर्वी पूर्ण एक चक्र जाऊ द्यावे. परत आणलेले उत्पादन आधी जबड्याच्या कडेला थोड्याच जागेवर लावून पाहावे. डोक्याला चोपडलेले खोबरेल तेलही हिशेबात धरावे, विशेषतः पुटकुळ्या कपाळावर केसांच्या रेषेलगतच असतील तर. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (म्हणजे रंध्रे न बुजवणारे) या शिक्क्यावर फार विसंबू नये. त्यामागे सर्वांना बंधनकारक असा एकच निकष नाही, आणि अशा जुन्या चाचण्या तर सशाच्या कानावर झालेल्या आहेत.

अ‍ॅडापलीन, ट्रेटिनॉइन किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिड असे मुरुमांवरचे औषध सुरू केले असेल, तर मात्र घाई नको. आत दडलेले मुरुम यांमुळे लवकर वर येऊ शकतात. ते नेहमीच्याच जागी येऊन साधारण चार ते सहा आठवड्यांत ओसरत असतील, तर औषध चालू ठेवण्यात अर्थ आहे. डॉक्टरांनी दिलेले जेल त्यांना विचारल्याशिवाय सोडू नये. नव्याच जागी मुरुम उठत असतील, तर संशय रास्त आहे. मॉइश्चरायझर किंवा सनस्क्रीनच्या बाबतीत मात्र ‘आतली घाण बाहेर पडते आहे’ हे विक्रेत्याचे स्पष्टीकरण मुळीच मानू नये.

दोन प्रसंगी यांपैकी कोणताच मार्ग घरच्या घरी अवलंबण्यासारखा नाही. गोरेपणासाठी औषधाच्या दुकानातून आणलेल्या ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असे नाव असेल, तर ती स्टेरॉइडची क्रीम आहे: तिनेच मुरुम येतात, आणि बरेच दिवस लावून ती एकाएकी सोडली तर चेहरा अधिकच लाल होऊन भडकतो. कपाळावर, छातीवर वा पाठीवर एकाच आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुटकुळ्या असतील, तर कारण बुरशीचे असू शकते. दोन्हींसाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, आणि जाताना वापरातल्या सगळ्या ट्यूब व बाटल्या सोबत न्याव्यात.