शेरीफच्या नावाने फोन आणि कोर्टातलं खरं वॉरंट

अमेरिकेतल्या आपल्या माणसाला हा फोन सकाळी येतो, कामाच्या ऐन गडबडीत. पडद्यावर काउंटी शेरीफच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयाचा खराखुरा नंबर उमटलेला असतो. पलीकडचा माणूस शांत आणि जरा कंटाळलेला वाटतो, मागे वायरलेसची खरखर. तो नाव, हुद्दा, बॅज नंबर सांगतो. ते नाव शेरीफच्या वेबसाइटवर शोधलं तर सापडतंही, कारण तिथूनच उचललेलं असतं. "तुमच्या नावावर दोन वॉरंट आहेत. पहिलं कोर्टाच्या तारखेला हजर न राहिल्याचं, दुसरं कोर्टाच्या अवमानाचं."

मग मेसेजवर एक पीडीएफ येतो. त्यावर कोर्टाचा शिक्का, तुमचं नाव, घरचा पत्ता. प्रकरण सीलबंद आहे, घरात कुणालाही सांगायचं नाही, फोन ठेवलात तर गाडी पाठवावी लागेल. जामिनाची रक्कम आत्ता भरली तर वॉरंट आजच उठेल. पैसे भरायला तो सांगतो झेल (बँक खात्यातून लगेच पैसे पाठवायची सोय), गिफ्ट कार्ड किंवा पेट्रोल पंपावरचं बिटकॉइन मशीन. कॅलिफोर्नियात २०२४ पासून अशा मशिनवर एका ग्राहकाला एका कंपनीकडे दिवसाला १,००० डॉलरचीच मर्यादा आहे. त्यामुळे तेवढे भरून झाले की तो दुसऱ्या कंपनीच्या मशिनचा पत्ता देतो. भारतात आपल्या आईवडिलांना "डिजिटल अरेस्ट" म्हणून जे फोन येतात, त्याचाच हा अमेरिकन चुलतभाऊ.

यात चांगले शिकलेले लोक फसतात. फोन करणाऱ्याला तुमच्या कोर्टातल्या प्रकरणांबद्दल काहीच ठाऊक नसतं, पण "तारीख चुकली" हा अंदाज बरोबर लागतो. दोन वर्षांपूर्वी हायवेवर वेगाचं तिकीट, म्हणजे चलान, मिळालेलं असतं, मग घर बदललेलं असतं आणि ते तिकीट कुठल्या तरी खोक्यात पडलेलं असतं. पुढचं काम ती आठवण करते. खरी चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. चार-पाच हजार डॉलर गेल्यावर माणूस सुटल्याचा श्वास टाकतो आणि खरं तिकीट, किंवा खरं वॉरंट, कोर्टात जसंच्या तसं पडून राहतं.

फोन खोटा आहे हे ओळखायची एक चांगली खूण व्हिसावरच्या आणि ग्रीन कार्डवाल्या मंडळींसाठी आहे. हा माणूस पुष्कळदा "ज्यूरी ड्यूटीला आला नाहीत" असं म्हणतो, म्हणजे खटल्यात निवाडा करणाऱ्या नागरिकांच्या पंचमंडळात बसायला. ज्यूरीत फक्त अमेरिकी नागरिक बसू शकतात. ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतून नावं काढली जातात म्हणून एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावाल्यालाही कधी खरं समन्स टपालाने येतं. तेव्हा "मी नागरिक नाही" या रकान्यात खूण करून ते परत पाठवायचं, केराच्या टोपलीत टाकायचं नाही. चुकूनही नागरिक असल्याचं लिहायचं नाही, त्याची किंमत इमिग्रेशनमध्ये मोजावी लागते.

आता खरं बेंच वॉरंट म्हणजे काय ते पाहू. पोलीस पुरावा दाखवून मागतात ते अटक वॉरंट. बेंच वॉरंट न्यायाधीश स्वतः काढतात, कारण आरोपी तारखेला आला नाही किंवा कोर्टाचा हुकूम त्याने पाळला नाही. ते आपोआप शिळं होत नाही. कोर्टाने मागे घेईपर्यंत किंवा माणूस हाती लागेपर्यंत जिवंत राहतं. आणि मुख्य म्हणजे, फोनवर पैसे घेऊन ते कुणीही उठवत नाही.

कॅलिफोर्नियात तिकिटावरची सही म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे, हजर राहण्याचं वचन. ते मोडणं हा स्वतंत्र मिस्डिमीनर, म्हणजे हलक्या दर्जाचा गुन्हा, आहे. कोर्टाचं आठवणपत्र मिळालं नाही ही सबब चालत नाही. डीएमव्हीला (लायसन्स देणारं राज्याचं खातं) नवा पत्ता १० दिवसांत कळवावा लागतो, पण तिथे कळवलं म्हणजे कोर्टाला कळलं असं नाही. कोर्टात वेगळं कळवावं लागतं. साध्या तिकिटावर मात्र बहुतेक वेळा वॉरंट निघतच नाही. दंड संहितेच्या कलम १२१४.१ खाली कोर्ट जास्तीत जास्त १०० डॉलरचा जादा आकार लावतं (२०२२ पर्यंत ही मर्यादा ३०० होती), आणि तो लावला की त्याच गैरहजेरीसाठी वॉरंट काढता येत नाही. म्हणजे वेगाच्या तिकिटासाठी ४,००० डॉलर "जामीन" मागणारा माणूस त्या राज्याचा कायदाही वाचून आलेला नसतो. वॉरंटची खरी भीती दारू पिऊन गाडी चालवणं, निलंबित लायसन्सवर गाडी, दुकानातली किरकोळ चोरी अशा खटल्यांत.

टेक्सासमध्ये गणित वेगळं आहे. तिथे वेगाचं साधं तिकीटही क्लास सी मिस्डिमीनर धरलं जातं आणि गैरहजेरीवर वॉरंट निघू शकतं. पण फक्त दंडाच्या अशा खटल्यांत आरोपी पकडला जाण्याआधी स्वतःहून कोर्टात आला आणि मिटवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, तर न्यायाधीशाला ते वॉरंट मागे घ्यावंच लागतं. २०१७ पासून तसा कायदाच आहे.

शोधताना पहिली चूक होते ती चुकीच्या कोर्टात शोधण्याची. एडिसनचा माणूस मिडलसेक्स काउंटीच्या कोर्टात नाव टाकतो, काही सापडत नाही आणि निर्धास्त होतो. न्यू जर्सीत वाहतुकीची तिकिटं गावाच्या म्युनिसिपल कोर्टात जातात. टेक्सासमध्ये शहर पोलिसांचं तिकीट म्युनिसिपल कोर्टात, तर शेरीफचं किंवा राज्य पोलिसांचं जस्टिस ऑफ द पीस या स्थानिक छोट्या कोर्टाकडे. कॅलिफोर्नियात सगळं काउंटीच्या सुपीरियर कोर्टात, पण त्या काउंटीच्या जिथे तिकीट मिळालं; सनीवेलला राहता म्हणून सांताक्लारा नव्हे. कोर्टाचं नाव आणि हजेरीची तारीख तिकिटावर छापलेली असते. तिकीट हरवलं असेल तर ज्या रस्त्यावर थांबवलं होतं तो कुठल्या काउंटीत येतो ते नकाशात बघा.

दुसरी अडचण आपल्या नावांची. पासपोर्टवर वडिलांचं नाव पहिल्या नावाला चिकटलेलं असतं, तिकीट लिहिणाऱ्याने त्यातलं काय आडनाव धरलं असेल याचा नेम नाही. लायसन्सवर छापलंय तसं, मधलं नाव काढून, नाव आणि आडनाव उलट करून, असं तिन्ही तऱ्हांनी शोधा. मेरीलँड, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया इथे सबंध राज्याचं एकच फुकट पोर्टल आहे.

इथेच दुसरी फसवणूक दबा धरून असते. सर्च इंजिनात "वॉरंट शोध" टाकलं की वरती जाहिराती दिसतात. एक डॉलरमध्ये अहवाल, मग कार्डावर दरमहा वर्गणी, आणि अहवालात जुनी माहिती किंवा त्याच नावाचा भलताच माणूस. या साइट जन्मतारीख विचारतात. कॅलिफोर्नियात कोर्टाच्या सार्वजनिक सूचीत जन्मतारखेने शोधायची सोय ठेवता येत नाही, असा अपील कोर्टाचा २०२१ चा निकाल आहे. त्यामुळे तिथे नावशोधात जन्मतारीख मागितली तर सावध व्हा. पैसे मागितले म्हणजे साइट खोटीच असंही नाही. लॉस एंजेलिसचं कोर्ट स्वतः फौजदारी नावशोधासाठी थोडे पैसे घेतं. बघायचा तो पत्ता: शेवटी डॉट जीओव्ही आहे का, आणि नसेल तर काउंटीच्या अधिकृत पानावरून तिथे पोचता येतं का.

सापडलं, किंवा संशय उरला, तर कोर्टाच्या पानावरचा नंबर घेऊन क्लार्कला फोन करा. प्रश्न चारच: या केसवर वॉरंट चालू आहे का, जामिनाची रक्कम किती, ते मागे घेण्यासाठी तारीख कशी लावायची, आणि वकिलाने एकट्याने आलेलं चालेल का. क्लार्क कायदेशीर सल्ला देत नाही, त्याच्याशी वाद घालू नका. शेरीफच्या खिडकीवर मात्र "माझ्या नावावर काही आहे का" विचारायला स्वतः जाऊ नका. असेल तर तिथेच बेड्या पडतील.

कॅलिफोर्नियात बहुतेक मिस्डिमीनर खटल्यांत वकील तुमच्या वतीने हजर राहू शकतो. घरगुती हिंसाचार आणि दारू पिऊन गाडी चालवणं हे मुख्य अपवाद. वकिलाचा परवाना स्टेट बारच्या (वकिलांना परवाना देणारी राज्याची संस्था) साइटवर नाव टाकून दोन मिनिटांत तपासता येतो. फोनवर स्वतःहून आलेला "वकील" तिथे नसतो, किंवा नाव असतं पण नंबर जुळत नाही. नागरिक नसाल तर गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशनचा सल्ला घ्या. २०१० च्या पडिला विरुद्ध केंटकी निकालानंतर फौजदारी वकिलाने हा धोका सांगणं बंधनकारक आहे.

स्वतः जायचं तर सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी, दार उघडायच्या आधी रांगेत. शुक्रवारी दुपारी गेलात आणि काही बिनसलं, तर शनिवार-रविवार कोठडीत जाऊ शकतो. सोबत ओळखपत्र, तिकीट, जुन्या भाडेकराराची प्रत, आणि त्या तारखेला भारतात होतात तर विमानाचं तिकीट व पासपोर्टवरचे शिक्के. मराठी दुभाषा कोर्ट फुकट देतं, पण तो शोधावा लागतो, म्हणून तारीख ठरतानाच मागा. न्यायाधीश सहसा कारण विचारतात, वॉरंट मागे घेतात आणि पुढची तारीख देतात.

घाबरून आधी जामीन एजंटाकडे धावणाऱ्यांचं इथेच नुकसान होतं. ५,००० डॉलरच्या वॉरंटवर तो साधारण १० टक्के, म्हणजे ५०० डॉलर घेतो आणि ते परत मिळत नाहीत. कोर्टात रोख भरलेला जामीन सर्व तारखांना हजर राहिलात तर खटला संपल्यावर परत मिळतो. स्वतःहून गेलेल्याला बऱ्याचदा दोन्ही लागत नाही.

पैसे गेलेच असतील तर त्याच तासाला बँकेला कळवा. गिफ्ट कार्ड आणि त्याची पावती फेकू नका, कार्ड काढणाऱ्या कंपनीला फोन करा. तक्रार एफटीसी या केंद्रीय ग्राहक संरक्षण संस्थेकडे आणि एफबीआयच्या आयसी-थ्री या सायबर तक्रारींच्या साइटवर. सोशल सिक्युरिटी नंबर दिला असेल तर इक्विफॅक्स, एक्सपीरियन, ट्रान्सयुनियन या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे क्रेडिट गोठवा, म्हणजे तुमच्या नावावर दुसरं कुणी कर्ज काढणं अवघड होतं, ते फुकट आहे. नंतर "गेलेले पैसे परत मिळवून देतो" म्हणणारा फोन येतो. तो त्याच टोळीचा किंवा त्यांनी विकलेल्या यादीवरचा.

आणि कोर्टातून निघताना वॉरंट मागे घेतल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत मागून घ्या. पोलिसांच्या संगणकातून नाव निघायला वेळ लागतो, तोवर ती प्रत गाडीच्या कप्प्यात, इन्शुरन्सच्या कागदासोबत ठेवा. आठ-दहा दिवसांनी केस नंबर टाकून पुन्हा बघा. "चालू" दिसत असेल तर तीच प्रत घेऊन क्लार्कच्या खिडकीवर जा.