पुण्यातील घरकामांची सहायक सेवा : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

मी भूलतज्ज्ञ आहे. सकाळी सातला घर सोडते आणि शस्त्रक्रिया सुरू असताना माझा फोन कपडे बदलण्याच्या खोलीतल्या कपाटात बंद असतो. त्यामुळे बँक, महापालिकेचे क्षेत्रीय कार्यालय, रफूवाला आणि गिरणी ज्या वेळात उघडी असतात, त्या वेळात मला त्यांपैकी कुठेच पोचता येत नाही. घरी ८२ वर्षांची आई आहे, भाऊ न्यू जर्सीत आहे, आणि आईला उन्हात रांगेत उभे करणे मला मान्य नाही. म्हणून गेल्या वर्षी मी अशी बाहेरची कामे महिन्याच्या वर्गणीवर करून देणाऱ्या एका पुणेरी सेवेचे सभासदत्व घेतले. सेवेचे नाव येथे देत नाही, कारण माझ्या काही गंभीर तक्रारी आहेत. त्या मी त्यांना लेखी कळवल्या आहेत आणि त्यांतल्या काहींवर त्यांच्याकडे काम सुरू आहे.

महिन्याला १५ तासांचे ४,५०० रुपये, दुचाकीच्या प्रवासाचे किलोमीटरप्रमाणे वेगळे पैसे, आणि एकच ठरलेली सहायक व्यक्ती, असा आमचा करार आहे. काम व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायचे आणि काम झाल्यावर पावतीचा फोटो येतो. किराणा किंवा भाजी यांसाठी या सेवेचा मला उपयोग नाही, कारण त्या वस्तू ॲपवरून मागवल्या की घरी येतात. बंगळूरूच्या डंझोची सुरुवातही व्हॉट्सॲपवर लोकांची कामे घेण्यापासूनच झाली होती. पुढे ती कंपनी सामान पोचवण्याकडे वळली आणि २०२५ च्या सुरुवातीला बंद पडली. सामान पोचवणारे आज पुष्कळ आहेत. खिडकीशी उभे राहून ‘कोणता कागद कमी पडतो आहे’ हे विचारून येणारे माणूस मिळत नाही, आणि या सेवेची खरी किंमत तिथेच आहे.

आमच्याकडे येणाऱ्या सहायक ताई कात्रजहून स्कूटरवर येतात. त्या मला मॅडम म्हणतात आणि आईला आजी. त्यांच्यावर माझा विश्वास कधी बसला हे मला नेमके आठवते. पहिल्याच महिन्यात आईने थालीपिठाची भाजणी भाजून डब्यात भरून ठेवली होती आणि मी ‘भाजणी दळून आणा’ एवढेच लिहिले होते. शस्त्रक्रिया संपवून फोन पाहिला तेव्हा गिरणीतून त्यांचा संदेश आलेला होता : ‘मॅडम, आत्ता गव्हाचं दळण चालू आहे, त्यामागे हरभराडाळीचं आहे. आपली भाजणी डाळीवर दळायला सांगू ना? गव्हावर नको. तोवर थांबते.’ मी उत्तर दिले नव्हते, म्हणून त्यांनी आईला घरी फोन करून विचारले आणि डाळीचे दळण होईपर्यंत थांबल्या. आधीच्या दळणाचे पीठ जात्यात राहते आणि पुढच्या दळणात उतरते, हे घरात दळण सांभाळलेल्या माणसालाच ठाऊक असते. काय विचारायचे, केव्हा विचारायचे आणि मी सापडले नाही तर कुणाला विचारायचे, या तीनही गोष्टी त्यांना कळल्या. सहायकाकडून मला मुख्यतः हेच हवे असते. हुशारीने स्वतःच निर्णय घेऊन मोकळे होणारे माणूस मला नको आहे.

औषधांच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक होतो. आईला थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यावी लागते. एकदा दुकानात ५० ची बाटली नव्हती आणि दुकानदाराने २५ ची देऊन ‘दोन-दोन घ्या, एकच आहे’ असे सांगितले. हिशेबाने ते बरोबरच होते. पण ताईंनी ती बाटली न घेता निरोप ठेवला, की आजी सवयीने एकच गोळी घेतील असे वाटते, तेव्हा दुसऱ्या दुकानात पाहू का. मी डॉक्टर असूनही त्या क्षणी मला हे सुचले असते की नाही, सांगता येत नाही. मला फक्त मात्रा दिसली असती, त्यांना सकाळी स्वयंपाकघरातल्या अंधुक उजेडात बाटली उघडणारी आई दिसली.

सर्वांत मोठे काम हयातीच्या दाखल्याचे. वडील टपाल खात्यात होते, त्यामुळे आईला केंद्र सरकारचे कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि त्यासाठी दरवर्षी हा दाखला द्यावा लागतो. तो एरवी नोव्हेंबरमध्ये द्यायचा असला, तरी ८० वर्षे पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. अनेक घरांत हे माहीत नसते आणि वृद्ध माणसे नोव्हेंबरच्या गर्दीत बँकेत जाऊन बसतात. जीवन प्रमाण ही डिजिटल दाखल्याची सोय २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा बोटाचा ठसा किंवा डोळ्याची बुबुळे यंत्रावर द्यावी लागत. आईच्या बोटांवरच्या रेषा आता इतक्या पुसट झाल्या आहेत की ठसा उमटतच नाही. २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्याने चेहरा पडताळून दाखला देता येतो, आणि आम्ही तोच मार्ग घेतला.

त्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी घेतली होती, कारण काम सोपवायचे तर ते एकदा डोळ्यांसमोर झालेले पाहावे असे मला वाटते. ताईंनी आईची खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवली, चष्मा उतरवायला सांगितला आणि फोन तिच्या डोळ्यांच्या उंचीला धरला. ॲपमध्ये डोळ्यांची उघडझाप करावी लागते. आईचा मोतीबिंदू काढलेला असल्याने उजेडात ती सतत डोळे बारीक करते, आणि दोन वेळा पडताळणी फसली. तिसऱ्या वेळी ताईंनी खुर्ची थोडी आत घेतली, पडदा अर्धा ओढला आणि ‘आजी, देवाला हात जोडताना मिटता तसे मिटा आणि उघडा,’ असे सांगितले. दाखला मिळाला. बँकेतल्या चकरा वाचल्या, आणि आईला आपल्याला कुणी तपासते आहे असे न वाटता ते काम झाले.

मात्र याच कामात माझी पहिली तक्रारही आहे. सेवेच्या कार्यालयाने ‘सोय म्हणून’ आईचा निवृत्तिवेतन क्रमांक, आधार क्रमांक आणि बँक खाते क्रमांक आधीच व्हॉट्सॲपवर मागवून घेण्याचा आग्रह धरला होता, आणि ओटीपी आला की तोही पाठवा असे सुचवले होते. मी नकार दिला. सगळे काम आमच्याच फोनवर, आमच्यासमोर केले. ताईंच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण कार्यालयाच्या गटात टाकलेला क्रमांक पुढे किती जणांच्या फोनमध्ये जातो, हे त्यांनाही सांगता येत नाही. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, तेव्हा अशा सेवेने कोणती माहिती, कशासाठी आणि किती काळ ठेवणार हे ग्राहकाला लेखी द्यायला हवे. मी आता जिथे ओळखपत्राची प्रत लागते तिथे शेवटचे चार आकडेच दिसणारे आधार देते, आणि ओटीपी कुणालाही सांगत नाही.

पैशांची व्यवस्था आम्ही जुन्या पद्धतीने ठेवली आहे : महिन्याच्या सुरुवातीला ३,००० रुपयांची उचल आणि वहीत प्रत्येक खर्चाची नोंद. यूपीआय सर्कल या सोयीत दुसऱ्या व्यक्तीला आपल्या खात्यातून मर्यादेत पैसे देण्याची मुभा देता येते. पूर्ण मुभा दिली तर एका व्यवहाराला ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत. अंशतः मुभा दिली तर प्रत्येक व्यवहाराला आपण पिन टाकायचा, जे शस्त्रक्रियेच्या वेळी मला शक्य नाही, आणि पूर्ण मुभा घरच्या माणसांपुरतीच ठेवावी असे माझे मत आहे. उचल आणि वही यांत आजवर एका रुपयाची चूक निघालेली नाही.

मिळकतकराचे काम थोडक्यात सांगते. स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिकेकडून मिळणारी ४० टक्के सवलत आमच्या बिलातून निघून गेली होती आणि ती परत मिळवण्यासाठी पीटी-३ अर्ज पुराव्यांसह द्यावा लागतो. ताईंनी आधी एकदा जाऊन कागदांची यादीच लिहून आणली, मग मी एका संध्याकाळी सगळे जमवले आणि त्यांनी ते दाखल करून पोच आणली. दोन खेपांत काम झाले. मी स्वतः गेले असते तर यादी न विचारताच गेले असते.

आता पैठणीची गोष्ट. नवव्या महिन्यात आमच्या ताई गावी गेल्या आणि सेवेने मला न कळवता दुसरा मुलगा पाठवला. आईच्या लग्नातल्या पैठणीच्या पदराजवळ एक छोटी चीर होती आणि मी ‘पैठणी रफूला द्यायची आहे’ असे लिहिले होते. ताईंना रविवार पेठेतला आमचा रफूवाला माहीत होता, म्हणून मी पत्ता लिहिला नाही. त्या मुलाने साडी एका लॉण्ड्रीत दिली, तिथे ‘रफू आणि पॉलिश’ असे दोन्ही झाले, आणि परत आलेल्या साडीची जर इस्त्रीच्या उष्णतेने चपटी व काळपट झालेली होती. चीर मशिनच्या टाक्याने ओढून बुजवली होती. आईने साडी हातात घेतली, पदर उलटा करून पाहिला आणि घडी घालून ठेवून दिली. ती काहीच बोलली नाही.

माझी सूचना अपुरी होती, हे मी मान्य करते. पण नवे माणूस पाठवताना ग्राहकाला कळवणे, आधीच्या कामांच्या नोंदी त्याला वाचायला देणे आणि मौल्यवान वस्तू हातात घेताना एकदा फोन करणे ही सेवेची जबाबदारी होती. भरपाईची मर्यादा एका महिन्याच्या वर्गणीइतकीच आहे, असे करारातले कलम त्यांनी दाखवले आणि ४,५०० रुपये परत केले. ही सेवा घेणाऱ्या प्रत्येकाने ते कलम सही करण्याआधी वाचावे. त्या मुलाला मात्र दोष देऊ नये असे मी त्यांना स्पष्ट लिहिले, कारण त्याला कामावर येऊन चारच दिवस झाले होते आणि त्याला कुणी काही सांगितले नव्हते.

तिसरा आक्षेप मोजणीचा आहे. प्रत्येक काम अर्ध्या तासाच्या पटीत मोजले जाते, त्यामुळे दहा मिनिटांत चेक पेटीत टाकून आले तरी अर्धा तास जातो. छोटी कामे एकाच फेरीत जोडून सांगितली तर हे टळते, आणि मी आता गुरुवार तेवढ्यासाठीच राखून ठेवला आहे. याहून जास्त मला हे खटकले, की रांगेतल्या ताटकळण्याचे तास ग्राहकाकडून पूर्ण घेतले जात होते आणि सहायकांना मात्र त्याचे अर्धेच पैसे मिळत होते. हे मला ताईंनी सांगितले नाही, त्यांच्या वहीतल्या हिशेबावरून लक्षात आले. आपल्या वेळेची किंमत आहे म्हणून आपण काम सोपवतो. तेव्हा जी बाई आपल्यासाठी गिरणीत पाऊण तास उभी राहते, तिच्याही वेळेची पूर्ण किंमत व्हायला हवी. मी हे लेखी मांडले. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी ही पद्धत बदलली असे कळवले, आणि ताईंनीही त्याला दुजोरा दिला.

ज्यांच्या घरी वृद्ध माणसे आहेत, आणि ज्यांना दिवसा फोन घेता येत नाही, त्यांनी ही सेवा जरूर पाहावी; मात्र आधी एकाच महिन्याची वर्गणी भरावी, सहायक व्यक्तीला घरी बोलावून चहा द्यावा, घरातल्या माणसांशी ओळख करून द्यावी आणि पहिली दोन-तीन कामे सोबत करावीत. ज्यांना सूचना लिहायलाही फुरसत नाही त्यांचा यात फारसा फायदा होणार नाही, कारण नीट लिहिलेली सूचना हे अर्धे काम आहे आणि ते आपल्यालाच करावे लागते. दुकानाचे नाव, जवळची खूण, किती रुपयांपर्यंत चालेल, काय मिळाले नाही तर परत यायचे, आणि मी सापडले नाही तर कुणाला विचारायचे, एवढे मी आता प्रत्येक कामाखाली लिहिते. त्याला पाच मिनिटे लागतात.

पुढच्या सहा महिन्यांसाठी मी वर्गणी नव्याने भरली आहे, पण १५ ऐवजी १० तासांची. लॉकर, दागिने आणि साड्या मी परत माझ्याकडे घेतल्या आहेत. दळण, औषधे, महापालिका आणि ऑक्टोबरातला आईचा दाखला ताईंकडेच राहील, आणि तशी त्यांच्या नावाची नोंद करारात करून घेतली आहे.