खजुरी बाजारातला सायंटिफिक कॅल्सी: मोठ्या संख्येपुढे कितपत टिकतो?

मूळ अवयव पाडणारं ‘फॅक्ट’ बटण हवं असेल, तर इंदूरच्या खजुरी बाजारात नुसता ‘सायंटिफिक द्या’ म्हणू नका. प्रत्येक मॉडेलात ते नसतं. असलं तर बहुधा अंश-मिनिटांच्या बटणावर बारीक अक्षरांत छापलेलं दिसतं. दुकानदार ६० चे अवयव काढून दाखवेल, पण ते काय, तोंडीही निघतात. पैसे देण्याआधी ४२९४९६७२९७ टाका, मग =, शिफ्ट आणि फॅक्ट.

ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. नेमकी १० अंकी, आणि या बटणाची मर्यादाही तेवढीच. फर्मा या गणितज्ञाला ती मूळ वाटली होती; १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने ६४१ ने भाग जातो हे दाखवलं. पडद्यावर येतं ६४१×(६७००४१७). गोची होते ती या कंसात. कंस दिसला की मुलं आतली संख्या मूळ धरून मोकळी होतात. खरं तर कंस एवढंच सांगतो, की इथून पुढे यंत्राने हात टेकले. ते तीन अंकी मूळ संख्यांपर्यंतच भागून बघतं. १०१८०८१ टाकून बघा: हा १००९ चा वर्ग, तरी अख्खा कंसात.

मग ६७००४१७ चं काय? वर्गमूळ २५८८ च्या जरा पुढे, म्हणजे तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागायला हवं. त्या शेकड्यांनी आहेत. पण ४२९४९६७२९७ च्या कुठल्याही मूळ अवयवाला ६४ ने भागलं तर बाकी १ च उरते. तीन अंकांपर्यंतच्या संख्या यंत्राने आधीच निकालात काढल्या आहेत. उरतात फक्त ११५३, १२१७, १४०९, १६०१ आणि २११३. पाच भागाकार, एकही पूर्ण जात नाही. संख्या मूळच.

खरी कमजोरी अंकांची. २ चा ६४ वा घात विचारला तर १.८४४६७४४०७×१०^१९ एवढ्यावर बोळवण होते. २ चा ६४ वा घात म्हणजे ३२ व्या घाताचा, ४२९४९६७२९६ चा, वर्ग; सगळे अंक हवे असतील तर ४२९४९६७२९६ चे ४२९४९ आणि ६७२९६ असे तुकडे करा. पाच अंकी तुकड्यांचा गुणाकार १० अंकांत मावतो. पहिल्याचा वर्ग १८४४६१६६०१, त्यापुढे १० शून्यं. दोघांच्या गुणाकाराची दुप्पट ५७८०५९१८०८, त्यापुढे ५ शून्यं. दुसऱ्याचा वर्ग ४५२८७५१६१६. बेरीज मात्र कागदावरच: १८४४६७४४०७३७०९५५१६१६. शून्यं मोजताना घोटाळा होतो, तेव्हा एकाखाली एक नीट मांडा.

अवयवांसाठी कॅल्सी घ्यावा, वीस अंकी हिशेबासाठी मोबाइलवरचं पायथन बरं. कागदावरच केलंत तर ९ चा ताळा लावा: अंकांची बेरीज ८८, तिला ९ ने भागून बाकी ७, आणि २ च्या ६४ व्या घाताचीही ७ च. पण शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर हा ताळा गप्प बसतो. त्यासाठी ११ चा लावा, म्हणजे ११ ने भागून बाकी बघा. तिथे दोन्हीकडे ५ उरायला हवेत.