नगरधन की पवनी? नागपूरहून एका दिवसात एकच जमणार असेल तर

दिवाळीनंतर थंडी पडली की ओळखीतलं कुणीतरी हमखास विचारतं, "नगरधनला जाऊ की पवनीला?" दोन्हीकडे तटबंदी आहे आणि दोन्हीकडची माती दोन हजार वर्षांच्या आसपासचं काही ना काही सांगते. पण दिवस मात्र अगदी वेगवेगळे जातात.

नगरधन जवळ आहे. नागपूरहून चाळीसेक किलोमीटर, रामटेकच्या अलीकडे. किल्ला भुईकोट असल्यामुळे चढ नाही. आजची तटबंदी भोसलेकालीन मानतात. डागडुजी झाल्याने बुरूज आणि दरवाजा ठसठशीत दिसतात. आतली बावडी चुकवू नका. पायऱ्या उतरल्यावर खाली देवीचं ठाणं आहे आणि भर दुपारीही तिथे गारवा असतो. मात्र किल्ल्यात आता वस्ती नाही. तासाभरात सगळं बघून होतं.

नगरधनचं खरं मोठेपण जमिनीखाली आहे. विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन ती हीच. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता हिने पती, वाकाटक राजा रुद्रसेन, याच्या मृत्यूनंतर मुलांच्या वतीने इथूनच राज्य चालवलं. अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा (शिक्क्याचा ठसा) सापडली, आणि आपल्या ताम्रपटांत तिने माहेरच्या गुप्तांचा वारसा मिरवला आहे. सोळाशे वर्षांपूर्वी विदर्भात एक बाई राज्य करत होती, हे शाळेत आम्हाला कुणी शिकवलं नाही याची मला आजही हळहळ वाटते. किल्ला बघून रामटेकच्या गडावर गेलात तर केवल नरसिंहाच्या देवळात वाकाटक घराण्याचाच शिलालेख आहे. तेव्हा ही दोन्ही ठिकाणं एकत्रच करा.

पवनी लांब पडते. उमरेड, भिवापूर करत ऐंशी किलोमीटरच्या वर. पण परकोटाच्या आत नांदतं गाव बघायचं असेल तर पवनीला जा. तीन बाजूंना तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. तटाच्या दरवाजातून आत शिरलं की किल्ला वेगळा आणि गाव वेगळं असं काही उरत नाही. तटाच्या आत घरं, दुकानं, देवळं, आणि गल्ल्या उतरत उतरत घाटावर जातात. देवळं इतकी की पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. पहाटे घाटावर बसलात तर हे नाव का पडलं ते कळतं.

जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झालं आणि मौर्य-सातवाहन काळातला मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला. जागेवर आज फारसं उभं नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर सांचीची कल्पना मनात घेऊन गेलेली मंडळी हिरमुसून परततात. तटाचंही तसंच. काही ठिकाणी तो भक्कम आहे, काही ठिकाणी झुडपांनी गिळलाय. नगरधनसारखी निगा इथे झाली असती तर, असं दरवेळी मनात येतं.

गणपतीचे भक्त असाल तर दोन्हीकडे सोय आहे. विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी अठरा हातांचा गणपती रामटेकला, तर पंचमुखी पवनीला.

सोबत म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील, किंवा अर्धाच दिवस हाताशी असेल तर नगरधन. सपाट मोकळ्या पटांगणात मुलं पळतात आणि मोठ्यांचे गुडघे कुरकुरत नाहीत. पवनीला पायी हिंडावं लागतं, गाडी वेशीबाहेर लावलेली बरी. गल्ल्यांत लोकांची घरं आहेत, म्हणून फोटो काढण्याआधी विचारा. माझ्या मावशीला तर अंगणातला फोटो विचारला म्हणून चहाच मिळाला होता.

पावसाळ्यात पवनीचा बेत करताना एक काळजी घ्या. गोसीखुर्दचं धरण नदीच्या वरच्या अंगाला आहे. त्याचे दरवाजे उघडले की घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. निघण्याआधी चौकशी करा.

मला स्वतःला विचाराल तर पवनी. सकाळी सहाला निघा, वाटेत उमरेडला पोहे खा आणि ऊन चढायच्या आत घाट गाठा.